लोणार की चिखलदरा?

दारव्ह्याहून भाच्याचा फोन आला: "मामा, दिवाळीत दोनच दिवस मोकळे आहेत. आईलाही न्यायचंय. कुठं जाऊ?"

खर्चात लोणार हलकं. पहाटे निघालं तर रात्री घरी. चिखलदऱ्याला परतवाड्यावरून घाट चढायचा, मुक्काम आलाच, अन् सुट्टीत खोल्यांचे भाव विचारू नका.

गुडघ्यांचं गणित मात्र उलटं. लोणारच्या विवरात उतरणं सोपं, चढून येताना जीव जातो. चिखलदऱ्यात बहुतेक पॉइंटांपर्यंत गाडी जाते. गाविलगडावर चालावं लागतं. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं जिंकलेला हा किल्ला आज झाडोऱ्यात अर्धा बुडालाय, तरी दरवाजे पाहून थबकायला होतं.

लोणारची गोष्टच न्यारी. अशनी आदळून बेसाल्टात पडलेला पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा, तळाशी खारं पाणी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं. गावातलं दैत्यसूदन मंदिर बरेच जण चुकवतात, तू चुकवू नको.

आई सोबत असेल तर चिखलदरा, स्वेटर घेऊन. दोस्तांसोबत किंवा शाळकरी पोरं घेऊन जायचं असेल तर लोणार.