उतारवयातील भारत-सहल: केरळ की राजस्थान?

परदेशात तीस-चाळीस वर्षे काढलेली मराठी माणसे निवृत्तीनंतर हिवाळ्यात भारतात येतात, तेव्हा मुंबई-पुण्यातील नातेवाइकांच्या गाठीभेटी आणि एखादे लग्नकार्य आटोपल्यावर त्यांच्या हाती आठ-दहा दिवस उरतात. ‘नीट पाहायचे राहूनच गेले’ या यादीत त्या वेळी बहुधा दोन नावे सर्वांत वर असतात: केरळ आणि राजस्थान. माझी थोरली बहीण आणि भाऊजी इंग्लंडहून येतात. त्यांच्याबरोबर या दोन्ही सहली मी केल्या आहेत. केरळला गेलो तेव्हा ताई ६९ वर्षांची आणि भाऊजी ७४ वर्षांचे होते, तर राजस्थानला त्यानंतर दोन वर्षांनी गेलो. ताईचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत, भाऊजींना मधुमेह आहे आणि त्यांची हृदयाची शस्त्रक्रिया झालेली आहे. या दोन सहलींनंतर माझे मत असे बनले की, पासष्टीनंतर सहल ठरवताना कोणता प्रदेश अधिक सुंदर आहे हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि दिवसाकाठी किती पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतील व किती तास गाडीत बसावे लागेल, याचा हिशेब आधी मांडावा. त्या हिशेबात हे दोन प्रदेश जवळजवळ एकमेकांच्या उलट आहेत.

राजस्थानात खरा कस लागतो तो गुडघ्यांचा. तिथली मुख्य प्रेक्षणीय स्थळे म्हणजे किल्ले आणि राजवाडे, आणि ती बांधताना शत्रूला वर येणे अवघड जावे हाच हेतू असल्याने उंच पायऱ्या, अरुंद जिने आणि दगडी फरसबंदीचे चढ यांतून सुटका नाही. उदयपूरच्या सिटी पॅलेसमधील जिने इतके चिंचोळे आहेत की मागून गर्दी आली तर मध्येच थांबून दम खाणेही कठीण होते. जयपूरजवळच्या आमेर किल्ल्यावर जीप बरीच वरपर्यंत नेते, पण आतील महालांसाठी पायऱ्या आहेतच. कुंभलगडाचा चढ तर ज्यांचे गुडघे किंवा हृदय कमकुवत आहे त्यांनी सरळ वगळावा, असे मी स्पष्टपणे सांगेन.

जोधपूरचा मेहरानगड मात्र थोडा वेगळा आहे, कारण तिथे लिफ्ट आहे आणि तिचे वेगळे तिकीट काढून थेट वरच्या भागात पोहोचता येते. आम्ही तसेच गेलो आणि वरच्या चौकातून निळ्या घरांचे शहर पाहताना ताईचा चेहरा फुलला होता. मात्र आम्हाला एक गोष्ट आधी सुचली नाही. वर लिफ्टने गेले तरी संग्रहालयातील दालने पाहत पाहत खाली यायचे, आणि तिथून दरवाजापर्यंतचा दगडी उतार झिजून गुळगुळीत झालेला आहे. संधिवाताच्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणे अधिक त्रासदायक असते, हे ज्याला दुखणे आहे त्याला सांगावे लागत नाही. त्या उतारावर ताई माझ्या खांद्यावर एक हात आणि भिंतीवर दुसरा हात ठेवून, आडवी पावले टाकत उतरली, आणि दुसरा संपूर्ण दिवस तिने खोलीत शेक घेत काढला. म्हणून लिफ्ट आहे का, एवढेच विचारू नये. लिफ्टनेच परत उतरता येईल का, हेही विचारून घ्यावे.

याउलट चित्तोडगड हा वयस्कर प्रवाशांसाठी मला सर्वांत योग्य किल्ला वाटला, आणि गंमत म्हणजे धावत्या सहलींत तोच बऱ्याचदा गाळला जातो. सात दरवाजे ओलांडत गाडी थेट गडमाथ्यावर जाते, माथा विस्तीर्ण आणि बराचसा सपाट आहे, आणि विजयस्तंभ, मीरेचे मंदिर, पद्मिनी महाल ही स्थळे एकमेकांपासून दूर असली तरी गाडीने एकेका ठिकाणी उतरून पाहता येतात. सुमारे ३७ मीटर उंचीच्या विजयस्तंभावर चढण्याचा मोह तेवढा टाळावा. त्याचे कोरीवकाम खालून डोळे भरून पाहण्यासारखे आहे. उदयपूरहून चित्तोड सुमारे ११५ किलोमीटर असून रस्ता रुंद आणि चांगला आहे, त्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. जयपूरचे जंतरमंतरही असेच मोकळ्या, सपाट आवारात आहे.

केरळमध्ये पायऱ्यांचा जाच पुष्कळ कमी आहे, पण तिथे परीक्षा असते ती रस्त्यांची. नकाशावर अंतरे लहान दिसतात आणि तिथेच फसगत होते. कोच्ची ते मुन्नार हे अंतर सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुण्याहूनही थोडे कमी; परंतु त्याला चार ते साडेचार तास लागतात आणि जवळजवळ अर्धी वाट घाटाची आहे. मुन्नारहून पेरियार अभयारण्यासाठी ठेक्कडीला जाताना पुन्हा घाट, आणि तिथून आलप्पुळाला उतरताना तिसऱ्यांदा घाट. ज्याला गाडी लागते, ज्याची मान किंवा कंबर दुखते, ज्याला लघवीसाठी वारंवार थांबावे लागते, त्याच्यासाठी ही तिन्ही वळणावळणाची अंतरे पाच दिवसांत कापणे म्हणजे शिक्षाच आहे. तरीही बहुतेक प्रवासी कंपन्यांच्या छापील कार्यक्रमात कोच्ची, मुन्नार, ठेक्कडी, आलप्पुळा हीच ठरलेली साखळी असते. आम्हीही तीच घेतली. ठेक्कडीला पोहोचेपर्यंत भाऊजींच्या जेवणाच्या आणि इन्सुलिनच्या वेळा दोनदा चुकल्या होत्या आणि मुन्नारच्या चहामळ्यांचा आनंद त्या काळजीत विरून गेला. आज मला विचाराल तर मुन्नार किंवा ठेक्कडी यांपैकी एकच निवडावे, तिथे किमान तीन रात्री राहावे आणि बाकीचे दिवस किनारपट्टीच्या सपाट प्रदेशात घालवावेत. कोच्चीहून आलप्पुळा सुमारे ५५ किलोमीटर आहे आणि त्या वाटेवर घाट नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलेच्या यात्रेचा काळ असतो आणि त्या दिवसांत कोट्टयम, कुमळी या भागातील रस्त्यांवर भाविकांच्या गाड्यांची रीघ लागते. ठेक्कडीला जाण्याचा रस्ता कुमळीवरूनच असल्याने चार तासांचा प्रवास सहज सहा तासांवर जाऊ शकतो.

हाउसबोटीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण केरळला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ती असते. पूर्वी तांदूळ वाहणाऱ्या ‘केट्टुवळ्ळम’ नावाच्या होड्यांचे हे आजचे रूप. साधारणपणे दुपारी बाराच्या सुमारास बोटीवर घेतात, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास बोट काठाला बांधतात, कारण रात्री पाण्यात मच्छीमारांची जाळी असतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उतरवतात. म्हणजे प्रत्यक्ष जलप्रवास पाच-सहा तासांचाच. अनेक बोटींवर वातानुकूलन केवळ रात्री चालू ठेवतात, हेही आधी विचारावे. पण सर्वांत महत्त्वाचा क्षण चढण्याचा. काठ आणि बोट यांच्यामध्ये हातभर रुंदीची एक फळी टाकलेली होती, तिला कठडा नव्हता, बोट हेलकावत होती, आणि ताई फळीच्या टोकाशी चप्पल हातात घेऊन उभी होती. अखेर एका खलाशाने पाण्यात उतरून खालून तिचा हात धरला, दुसऱ्याने बोटीवरून धरला, आणि ती पलीकडे गेली. त्यानंतरची दुपार मात्र मी तिच्या आयुष्यातील उत्तम दुपारींपैकी एक मानते. वेताच्या खुर्चीत बसून, एक पाऊलही न चालता, वेंबनाड तलावाच्या काठची घरे, बदके आणि पाण्याच्या पातळीखालची भातशेती तिने डोळ्यांपुढून सरकताना पाहिली. राजस्थानात असा बसल्या जागी सगळे पाहण्याचा दिवस फारसा मिळत नाही.

फळीची भीती वाटणाऱ्यांसाठी एक चांगला पर्याय आता झाला आहे. एप्रिल २०२३मध्ये सुरू झालेल्या कोच्ची वॉटर मेट्रो या सार्वजनिक बोटसेवेचे धक्के तरंगते असल्याने भरती-ओहोटी काहीही असली तरी धक्का आणि बोट एकाच पातळीवर राहतात, आणि चाकाची खुर्चीसुद्धा थेट आत नेता येते. फोर्ट कोच्ची पाहायला याच बोटीने जावे. तिथल्या मासेमारीच्या चिनी जाळ्यांचा किनारा, वास्को द गामाला १५२४मध्ये जिथे प्रथम पुरले ते सेंट फ्रान्सिस चर्च, आणि रिक्षाने मट्टनचेरीला गेल्यास १५६८चे सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, ही सर्व सपाटीवरची आणि तासा-दीड तासाच्या टप्प्यांत पाहण्याजोगी ठिकाणे आहेत.

हवेचा विचार करताना थंडी बरी की दमट उकाडा बरा, हे ज्याने त्याने आपल्या प्रकृतीला विचारावे. जानेवारीत जयपूरला दुपारी साधारण २२ अंश सेल्सियस आणि पहाटे ८ अंशांच्या आसपास तापमान असते, तर कोच्चीला दुपारी ३२ आणि रात्री २३. इंग्लंड-अमेरिकेतून येणाऱ्यांना ८ अंश म्हणजे काहीच नाही असे वाटते, परंतु तिकडे घर उबदार असते. राजस्थानातील जुन्या हवेल्यांच्या दगडी खोल्या रात्री गार पडतात, आणि सर्वत्र हीटर असेलच असे नाही. दम्याच्या रुग्णांनी तिथली पहाटेची कोरडी थंडी आणि धूळ गांभीर्याने घ्यावी. शिवाय डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत उत्तर भारतात दाट धुके पडते व जयपूरची सकाळची विमाने रखडतात, म्हणून परतीचे आंतरराष्ट्रीय विमान त्याच दिवशी असू नये. केरळमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरातही पाऊस असतो, तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा.

जेवणाच्या बाबतीत माझा कल निःसंशय केरळकडे आहे. अप्पम, इडली, भाजीचे स्ट्यू, मऊ भात हे कवळी लावणाऱ्याला आणि हलक्या पोटाच्या माणसाला मानवते. जेवणाबरोबर पतिमुखम नावाचे लाकूड घालून उकळलेले गुलाबीसर कोमट पाणी पुष्कळ ठिकाणी मिळते, ते निःशंकपणे प्यावे. राजस्थानात शाकाहाराची अजिबात अडचण नाही आणि गव्हाची पोळी मिळते, हा मधुमेह्याला दिलासा. पण तूप, तिखट आणि कडक बाटी यांबाबत आपल्यालाच हात आखडता घ्यावा लागतो.

मुक्कामाच्या जागेबाबत आमची फसगत राजस्थानात झाली. एका हवेली-हॉटेलने तळमजल्यावरची खोली देण्याचे कबूल केले होते. खोली तळमजल्यावरच होती, फक्त तो तळमजला रस्त्यापासून अकरा उंच पायऱ्यांवर होता, आणि न्हाणीघराला वीतभर उंबरठा होता. तेव्हापासून मी आरक्षणापूर्वी फाटकापासून पलंगापर्यंतच्या वाटेचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मागवते. न्हाणीघरात आधाराची दांडी आहे का, हे त्यात दिसते. चांगली हॉटेले असा व्हिडिओ आनंदाने पाठवतात.

औषधोपचारांच्या दृष्टीने कोच्ची, जयपूर, जोधपूर, उदयपूर ही सर्व शहरे निर्धास्त राहावे अशी आहेत. मुन्नारहून मात्र मोठ्या उपचारांसाठी घाट उतरावा लागतो, आणि जैसलमेरहून जोधपूर सुमारे २८० किलोमीटरवर आहे. हृदयरोग असलेल्यांनी केवळ एवढ्या कारणासाठी जैसलमेर सोडावे, असे मला वाटते. दोन्ही राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक चालतो. औषधांची चिठ्ठी आणताना त्यावर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून आणावे, कारण तिकडचे नाव इथल्या दुकानदाराला माहीत नसते. केरळमधील आयुर्वेदिक उपचारांचे आकर्षण अनेकांना असते. त्यांचा पारंपरिक काळ कर्किटकम म्हणजे जुलै-ऑगस्टचा महिना आहे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिशही घेऊ नये.

भाषेचा प्रश्न किरकोळ आहे. राजस्थानात हिंदी आणि केरळात इंग्रजी पुरते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड जवळ असल्यास सरकारी स्मारकांवर भारतीय दराने तिकीट मिळते, म्हणून ते पेटीत न ठेवता खिशात ठेवावे.

आता निवड. गुडघे दुखरे पण हृदय, मान आणि पोट ठीक असेल, तर केरळ घ्यावे: कोच्चीला तीन रात्री, मुन्नारला तीन, आणि वेंबनाडच्या काठी तीन, त्यांपैकी एक बोटीवर. चालण्याची सवय शाबूत आहे पण घाटात गाडी लागते किंवा दमट हवा सोसत नाही, अशांनी राजस्थान घ्यावे, आणि तेही सगळे नव्हे. उदयपूरला पाच रात्री राहून मध्ये एक दिवस चित्तोड, मग राणकपूरचे १४४४ खांबांचे जैन मंदिर पाहत जोधपूरला तीन रात्री. राणकपूरला इतर पर्यटकांना दुपारी बारानंतर प्रवेश असतो, त्यामुळे सकाळी घाई करण्याचे कारण नाही. पती-पत्नींपैकी एकाचे गुडघे आणि दुसऱ्याचे हृदय अशी आमच्या ताई-भाऊजींसारखी वाटणी असेल, तर मी घाट पूर्णपणे वगळून केवळ कोच्ची आणि वेंबनाडचा काठ सुचवेन. येत्या जानेवारीसाठी त्यांनी तेच ठरवले आहे. कुमरकोमला तलावाकाठी एकाच जागी सहा रात्री, खोलीपासून पाण्यापर्यंत एकही पायरी नाही. व्हिडिओ मी तीनदा पाहिला आहे.