मातीचा ब्लॉक, जांभा का भट्टीची वीट? आधी गाव सांगा

आमचे दाजी आटपाडीला रानात घर बांधतायत आणि महिन्याभरात तीनदा फोन झाला, मातीचं बांधू का विटांचं. मी दरवेळी एकच विचारतो, तुमच्यात पाऊस किती? कारण हेच कोयनेकडच्या, धो-धो पावसाच्या पाटणच्या मित्रानं विचारलं तर मी बरोब्बर उलटं सांगीन.

आटपाडी, जत, माण साइडला पाऊस कमी, दुपार भाजून काढणारी नि पहाट गार. तिथं दीड फुटी मातीची भिंत लय कामाची, दुपारचं ऊन आतपर्यंत पोचायला आठ-दहा तास घेते, तोवर रात्र झालेली असते, खिडक्या उघडल्या की विषय संपला. विटेची नऊ इंची भिंत संध्याकाळपासूनच आत धग मारायला लागते.

पण मशीनवर दाबलेले मातीचे ब्लॉक वेगळे हां. त्यांचीही भिंत नऊ इंचीच येते, त्यामुळं ती विटेपेक्षा फार गार राहील हा गैरसमज आहे. फायदा असा की भट्टीचं जळण लागत नाही, सिमेंट पाच-आठ टक्केच, प्लास्टर नाही केलं तरी चालतं. फक्त तीन आठवडे पोती टाकून पाणी मारायला माणूस पाहिजे, इथंच सगळे कंटाळतात.

माती कुठलीही चालत नाही. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, चिमूटभर मीठ, वर पाणी, खळाखळा हलवून ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात बसते, त्यावर गाळ, चिकणमाती सगळ्यात शेवटी. निम्म्याहून जास्त वाळू दिसली तर ठीक. दाजींनी फोटो पाठवला तर वर नुसता चिकणमातीचा थर, काळ्या रानातली उचललेली, ती वाळली की भेगाळणारच. मग माळावरची मुरमाड माती घेतली, ती जमली.

पाटणला मात्र मातीच्या नादाला लागू नका, चार महिने भिंत वाळतच नाही. तिथं जांभा, दोन फूट दगडी जोतं, उतरतं कौल आणि वळचण चांगली बाहेर काढलेली. खाणीतनं काढताना जांभा मऊ असतो, हवेनं कडक होतो, पण पाणी पितो, म्हणून ही वळचण. आणि लिंटेलला, म्हणजे दार-खिडक्यांच्या वरच्या अंगाला, चहूबाजूनं काँक्रीटचा पट्टा पाहिजेच, 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप तिकडची म्हातारी माणसं अजून काढतात.

सांगलीत नदीकाठी असाल तर वीटच. 2019 नि 2021 ला ज्यांच्या घरात पाणी उभं राहिलं त्यांना विचारा, कच्ची मातीची भिंत बुडाशी विरघळून बसते. विटा उभ्या लावून मधी पोकळी ठेवायची, रॅट ट्रॅप म्हणतात, साधारण पाव विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेनं ऊन पण अडतं. गवंडी नको म्हणणार, एक भिंत समोर बसून करून घ्या.

खरं सांगू का, भिंतीवर एवढा काथ्याकूट करतो आपण पण एकमजली घरात ऊन जास्त वरनंच येतं. आज्जीच्या माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली, मे महिन्यात झोप लागायची, पण दरवर्षी पावसाआधी वर पांढरी माती टाकायला लागायची आणि ते ओझं भूकंपात जीव घेतं, 1993 ला किल्लारीत बघितलंय. म्हणून मी दाजींना कौल सांगितलं, नाहीतर स्लॅब करून वर चुना मारा. दाजी कौलाला तयार झालेले, पण त्यांच्या आईनं फोन हिसकावून घेतला, "स्लॅब नसंल तर माझ्या नातवाला पोरगी कोण देणार?"

नातू अजून चौथीत आहे.