जिम्नीला मोठे टायर घालायचे का? 215/75 चा आणि फोंड्यातल्या टायरवाल्याचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो, बाकीचं वाचायचं तर वाचा. गोव्यात राहत असाल, गाडी रोज वापरत असाल तर जिम्नीला (मारुतीची छोटी फोर-व्हील गाडी) 235 मिमी रुंद टायरच्या नादाला लागू नका, 215/75 आर15 मधे (215 मिमी रुंद, कडेची उंची रुंदीच्या 75 टक्के, रिम 15 इंची) चांगले ए/टी म्हणजे डांबर-माती दोन्हीकडे चालणारे टायर घ्या आणि विषय संपवा. मी तेच घातलेत, फोंड्यातल्या एका दुकानात, दुकानाबद्दल पण लिहितो कारण असा टायरवाला आजकाल मिळत नाही.

आमचं घर सत्तरीत, वाळपईच्या पुढे. कुळागरात (पोफळीच्या बागेत) जायचा रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या, मधे गवत, मग एक व्हाळ (ओढा) आणि व्हाळ ओलांडला की सरळ चढ. पण नोकरी पणजीला, म्हणजे गाडी जास्त करून डांबरावरच पळते. कंपनीचे टायर 195/80 आर15, एच/टी म्हणजे हायवेचे, डांबरावर एकदम मस्त, आवाज नाही काही नाही. प्रॉब्लेम पाऊस लागला की. ती लाल माती खाचांत भरते, चाकाच्या दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो आणि मग फोर-लो (चारही चाकांना ताकद, सगळ्यात हळू गिअर) लावा नाहीतर काय पण लावा, चाक जागच्या जागी फिरतं. ब्रेक एलएसडी करकर करत सुटलेलं चाक धरतं आणि ताकद दुसऱ्या चाकाला देतं, पण त्याही चाकाला पकड नसेल तर ते बिचारं तरी काय करणार.

आता हे कुणालाही सांगितलं की समोरून एकच उत्तर, भाऊ 235/75 घाल, गाडी पण भारी दिसते. दिसते यात वादच नाही! जिम्नी मुळात बारीक अंगाची, 235 घातले की एकदम पैलवान वाटते.

पण जरा हिशेब करून बघा. मूळच्या 195/80 ची उंची येते साधारण 693 मिमी, 215/75 ची 703 आणि 235/75 ची 733. आता गाडी वर किती उचलली जाणार तर यातल्या फरकाच्या निम्मी, कारण वाढलेल्या उंचीतली अर्धीच अॅक्सलच्या खाली येते. म्हणजे 235 ने मिळतात 20 मिमी आणि 215 ने फक्त 5. पाच मिमी म्हणजे काहीच नाही, क्लिअरन्ससाठी (गाडी जमिनीपासून उंच व्हावी म्हणून) 215 घेत असाल तर घेऊच नका.

235 वाल्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो ते स्वतः सांगत नाहीत. जिम्नीला पुढे-मागे सलग अॅक्सल आहे, डिफरन्शियलचा (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा त्या अॅक्सलवरच बसलेला. लिफ्ट किट घालून बॉडी कितीही वर न्या, तो गोळा आहे तिथेच राहतो, त्याला जमिनीपासून वर उचलायचा तर टायरच मोठा पाहिजे. त्यामुळे ज्याची गाडी खरंच दगडांवर चढते त्याला ते 20 मिमी सोन्यासारखे आहेत. आमच्या व्हाळात एक दगड आहे तो दर पावसाळ्यात जागा बदलतो, त्याच्यासाठी मला पण क्षणभर मोह झाला होता.

पण त्याची किंमत बघा ना. इंजिन 1.5 लिटरचं, टॉर्क म्हणजे ओढायची ताकद 134 एनएम, तीही आरपीएमचा आकडा वर गेल्यावर मिळते. टायर जवळजवळ 6 टक्के उंच झाला म्हणजे सगळे गिअर तेवढे लांब झाले, चोर्ल्याच्या घाटात जिथे आज थर्डवर ओढते तिथे सेकंड घ्यावा लागणार आणि ए/टी चं वजन वर वेगळं. ब्रेकला पण तेच, चाक मोठं आणि जड, थांबवणारी डिस्क तीच. मागच्या दारावरची स्टेपनी पण जड होणार, ते दार आणि बिजागऱ्या रोज तो भार वागवणार, वर आपले रस्ते.

आणि रिम. हे कुणीच बोलत नाही. कंपनीचं रिम साडेपाच इंच रुंद आहे. 235/75 आर15 ला साधारण 6 इंचापासून पुढचं रिम लागतं, 215/75 साडेपाचवर व्यवस्थित बसतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो मधे फुगतो, कडेची पकड जाते आणि हवा कमी केली की बीड (टायरची रिमवर बसणारी कड) निसटायची भीती. मग रिम बदला, रिम बदललं की चाक बाहेर येतं, बाहेर आलं की बंपरच्या कोपऱ्याला घासतं, नाही आलं तर पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर आतल्या आर्मला घासतं. एका दुकानात (नाव नको) मला सांगितलं, बंपर थोडासा कापू, कळणार पण नाही. मी म्हटलं दादा गाडी माझी आहे, मला तर कळेल ना!

वर कायदा आहेच, मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत. 215 पण कंपनीचा साइज नाही हे लक्षात ठेवा, म्हणून घालायच्या आधी इन्शुरन्सवाल्याला लेखी विचारून घ्या, तोंडी नको.

आता मेन गोष्ट, रुंद टायरचा फायदा नक्की कुठे? वाळूत. वाळूवर रुंद टायर तरंगतो. आणि आपल्याकडे वाळू कुठे आहे, किनाऱ्यावर, आणि किनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात बंदी आहे. भाड्याची थार घेऊन मोरजीला पाण्यात रुतलेले टुरिस्ट आपण बघतोच, त्यांचा व्हिडिओ आधी येतो आणि पोलीस मागून. राहिला चिखल. आमच्याकडचा चिखल म्हणजे वर वीतभर लाल लोणी आणि खाली जांभा, कडक. तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली जांभ्यावर टेकतो आणि पकड धरतो, रुंद टायर वरच्या वर घसरत बसतो. खोल दलदल असती तर गोष्ट वेगळी, पण सत्तरीत, सांग्यात, काणकोणात जे रस्ते आहेत ते बहुतेक असेच. म्हणजे आपल्याला पाहिजे काय, तर मोकळ्या खाचा असलेला, माती फेकून देणारा टायर. साइज नाही, नक्षी.

हे सगळं मला जास्त चांगलं समजावलं ते फोंड्याच्या त्या दुकानवाल्याने. बाकी सगळीकडे गेल्या गेल्या भाव सांगतात, याने आधी विचारलं, "गाडी खंय चलयता?" म्हणजे गाडी कुठे चालवतोस. मी सांगितलं, व्हाळ, चढ, पणजी. मग खाली वाकून जुने टायर बघितले, कडेला जांभ्याने कापलेलं एका ठिकाणी बोट लावून दाखवलं आणि म्हणाला तुला साइडवॉल (टायरची बाजू) मजबूत पाहिजे, एमटी म्हणजे निव्वळ चिखलाचे टायर नको, एमटी घेतलास तर पणजीच्या अटल सेतूवर गाडीत फोनवर बोलता येणार नाही आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारताना देव आठवेल. 235 त्याच्याकडे स्टॉकमधे होते तरी विकायचा प्रयत्न केला नाही. हे मला लई आवडलं.

मग नवीन टायर काढले आणि प्रत्येकाची तारीख स्वतः दाखवली. कडेला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे 2324 असेल तर 2024 चा तेविसावा आठवडा. सगळे एकाच वर्षाचे, आठवडे पण जवळजवळचे. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) 100, मूळचा 96 होता, त्याच्या खालचा कधी घेऊ नका. कडेला तो डोंगर आणि बर्फाचा छाप (बर्फात चालतो याची खूण) पण आहे, वाळपईत काय उपयोगाचा ते विचारू नका.

टायर पाचच्या पाच बदलले. चार बदलून स्टेपनी जुनी ठेवायचा विचार करत असाल तर करू नका, फोर व्हीलमधे एक चाक वेगळ्या उंचीचं फिरलं की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण येतो. बॅलन्सिंग दोनदा केलं कारण एका चाकाला वजन जास्त लागत होतं, त्याने टायर रिमवर फिरवून परत बसवला. जिम्नीचं बॅलन्सिंग नीट नसेल तर सत्तर-ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं, माहितीच असेल. अलाइनमेंटमधे पुढे फक्त टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) सेट होतो, कॅम्बरचं (चाकाच्या उभ्या कलाचं) अॅडजस्टमेंट या अॅक्सलला नाहीच, आणि त्याने पैसे पण फक्त टोचेच घेतले. नट शेवटी टॉर्क रेंचने आवळले, गनने नाही.

चालवून काय वाटलं? स्पीडोमीटरमधे फरक दीड टक्का, जाणवत पण नाही. मायलेज थोडं उतरलंय, आवाज साठच्या पुढे हलकासा गुणगुणल्यासारखा येतो, म्युझिक लावलं की संपला. स्टिअरिंग किंचित जड. कुठेही घासत नाही. (235 वाले मायलेज किती पडलं सांगतात ना, त्यांना विचारा मीटर करेक्ट केला का, कारण टायर मोठा असला की मीटर किलोमीटर कमीच मोजतो.) आणि तो चढ, भर पावसात, फोर-लो, सेकंड गिअर, हवा थोडी उतरवून, सरळ चढली. मागे चिखलाचे गोळे उडताना दिसत होते आणि आई आत बसून म्हणते एवढा आवाज कसला. व्हाळातला दगड अजून आहे, त्याला बाजूने वळसा घालतो. हवा उतरवायची असेल तर छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा, तशीच कमी हवा घेऊन हायवेला गेलात तर टायर तापून फाटेल.

दुकानाचे तोटे पण आहेत. पार्किंग शून्य. दुपारी एक ते तीन बंद, फोन पण उचलत नाहीत. चवथीच्या आधीच्या आठवड्यात तर जाऊच नका, तोबा गर्दी. आणि बिल पक्कं पाहिजे तर सुरुवातीलाच सांगा, वॉरंटीला तेच लागतं.