प्रसूतीत बाळाला इजा झाली: भरपाईसाठी ग्राहक आयोग की दिवाणी न्यायालय?

बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नाही. पंधरा दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहून घरी आलं. सहाव्या महिन्यात मान धरेना, दहाव्यात बसेना, आणि एमआरआयनंतर 'सेरेब्रल पाल्सी' (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) हे शब्द पहिल्यांदा घरात आले. दुसऱ्या एखाद्या घरात खांदा अडकला म्हणून बाळाला ओढून काढलं जातं आणि त्याचा एक हात लुळा राहतो. डॉक्टरांचा निष्काळजीपणा होता असं वाटत असेल, तर भरपाई मागायला भारतात मुख्यतः दोन दारं आहेत: ग्राहक आयोग आणि दिवाणी न्यायालय. ओळखीतले वकील बहुतेकदा त्यांना सवयीचं असलेलं दार सुचवतात, म्हणून फरक स्वतःला माहीत असलेला बरा.

माझा कल आधीच सांगून टाकतो. दोन वर्षं उलटली नसतील आणि प्रसूतीचे पैसे मोजले असतील, तर बहुतेकांनी आयोगाकडे जावं. याला अपवाद आहेत आणि ते किरकोळ नाहीत.

दार कुठलंही असो, आधी कागद

रुग्णालयाकडे संपूर्ण केसपेपर लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणीनंतर 72 तासांत कागद द्यावे लागतात. ते जपून ठेवण्याचं बंधन मात्र तीनच वर्षांचं आहे. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. बाळाच्या ठोक्यांची सीटीजी पट्टी, कळांची नोंद असलेला पार्टोग्राफ, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचा अपगार गुणांक (जन्मल्यावर बाळाची स्थिती कशी होती त्याचे गुण), नाळेतल्या रक्ताची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल, आणि सिझरचा निर्णय किती वाजता झाला व बाळ किती वाजता बाहेर आलं याच्या नोंदी हव्यात. सीटीजीची पट्टी थर्मल कागदावर असते, ती पुसट होत जाते. मिळाली त्याच दिवशी स्कॅन करा.

मग हे कागद त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला आणि नवजात शिशुतज्ज्ञाला दाखवा. सेरेब्रल पाल्सीच्या बहुतांश मुलांमध्ये कारण प्रसूतीच्या वेळचं गुदमरणं नसतं. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भातला संसर्ग, आनुवंशिक दोष अशी कारणं निघतात. तज्ज्ञाने 'इथे चूक दिसत नाही' असं सांगितलं, तर पुढचं सगळं वाचण्याची गरज उरत नाही. ऐकायला जड आहे, पण दहा वर्षांच्या तारखांनंतर तेच ऐकण्यापेक्षा हलकं.

मुदत: इथेच बहुतेकांचा निर्णय होतो

ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण समाधानकारक कारण द्यावं लागतं. आणि हे निदान हळूहळू होतं. पहिल्या वर्षात 'थोडं मागे आहे, भरून काढेल' असं सगळेच म्हणत असतात. दोन वर्षं जन्मापासून मोजायची की इजा कळल्यापासून? सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये याची फोड केली. परिणाम उघड दिसत असेल तर घटनेपासून, दडलेला असेल तर वाजवी दक्षता घेणाऱ्या माणसाला तो जेव्हा कळला असता तेव्हापासून. यावर वाद घालता येतो, पण केस त्यावर टांगू नये. बाळ बावीस महिन्यांचं असेल आणि तज्ज्ञाचं लेखी मत अजून हातात नसेल, तरी तक्रार दाखल करून टाका, मत मागाहून जोडता येतं.

दिवाणी न्यायालय इथे फार उदार आहे. 1963 च्या मुदत कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीसाठी (कोर्टाच्या मराठीत अठरा वर्षांखालचा तो 'अज्ञान') मुदतीचं घड्याळ सज्ञान होईपर्यंत थांबतं आणि त्यानंतर जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचा दावाही जिवंत असतो. आईबापांचे स्वतःचे दावे, म्हणजे त्यांचा मनस्ताप किंवा बुडालेली नोकरी, यांना मात्र ही सवलत नाही. शिवाय मुलाचा हक्क टिकला तरी रुग्णालयाने कागद टिकवले असतील याची खात्री कोण देणार?

पैसे

जिल्हा आयोगात 50 लाखांपर्यंतची प्रकरणं जातात. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आल्यापासून हा आकडा तुम्ही मागितलेल्या भरपाईचा नसून सेवेसाठी मोजलेल्या पैशांचा असतो. म्हणजे प्रसूतीचं बिल ऐंशी हजार आणि मागणी एक कोटीची, तरी तक्रार जिल्ह्यातच चालते. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रचना वैध ठरवली. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील न देता स्वतः बाजू मांडायलाही मुभा आहे, पण अशा केसमध्ये तो मोह टाळावा.

दिवाणी दाव्यात कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर लागते. महाराष्ट्रात तिची कमाल 10 लाख रुपये आहे, आणि कोटीच्या दाव्यात ती बरीच जड पडते. फी भरण्याची ऐपत नसेल तर निर्धन म्हणून दावा लावण्याची परवानगी मागता येते. फारसं कुणी सांगत नाही ती गोष्ट अशी: 1987 च्या कायद्याखाली स्त्रिया, मुलं आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत मिळते. इथे आई आणि मूल दोघंही त्यात बसतात.

कुठल्या गावात

पहिलं बाळंतपण माहेरी, रुग्णालय माहेरच्या गावात, आणि संसार चारशे किलोमीटरवर. आयोगात तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. दिवाणी दावा मात्र रुग्णालय असलेल्या किंवा घटना घडलेल्या ठिकाणीच लावावा लागतो. रोज फिजिओथेरपीला न्यावं लागणारं मूल घरी असताना ही बाब मी वकिलाच्या फीपेक्षाही वर धरेन.

पुरावा आणि वेळ

आयोगाचं काम मुख्यतः शपथपत्रं आणि कागदांवर चालतं. कागद बोलके असतील, उदाहरणार्थ ठोके घसरल्यावरही तीन तास कोणी डॉक्टर आल्याची नोंदच नाही, तर ही पद्धत तुमच्या फायद्याची. पण नोंदी मागाहून लिहिल्या, वेळा खोडल्या असा तुमचा आरोप असेल, तर डॉक्टर आणि नर्स साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन त्यांची सविस्तर उलटतपासणी होणं मोलाचं असतं, आणि ते दिवाणी न्यायालयातच नीट होतं.

वेळेच्या बाबतीत आयोगाकडूनही फार आशा धरू नका. कायदा तीन ते पाच महिने म्हणतो, व्यवहारात वर्षं जातात. चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात 1996 मध्ये अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मलं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वेळेत झाली नाही आणि त्याची दृष्टी गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2009 मध्ये पाच लाख दिले. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ती रक्कम सुमारे 1 कोटी 80 लाखांवर नेली. मूल तेच, चूक तीच. न्यायालयाने झालेला खर्च जोडला आणि पुढच्या आयुष्याचा खर्च महागाई धरून मोजला. म्हणून मागणीत 'मानसिक त्रास' या एका ओळीवर भिस्त ठेवू नका. थेरपी, सांभाळणारी व्यक्ती, दर काही वर्षांनी बदलावी लागणारी व्हीलचेअर, विशेष शाळा, आईने सोडलेली नोकरी, सगळ्याचा वर्षागणिक हिशेब मांडा. हे दोन्हीकडे सारखंच लागू आहे.

आदेश झाल्यावर आयोगाचा धाक जास्त असतो. आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षं कैद होऊ शकते. दिवाणी हुकूमनाम्यानंतर दरखास्तीची, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जाची, वेगळी वाट चालावी लागते.

दिवाणीकडे वळायलाच लागेल असं केव्हा

रुग्णालय सर्वांनाच पूर्ण मोफत सेवा देत असेल तर 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ते ग्राहक कायद्याबाहेर पडतं. काही रुग्णांकडून पैसे घेऊन इतरांना मोफत सेवा देणारं रुग्णालय मात्र कायद्यात येतं, आणि मोफत रुग्णसुद्धा ग्राहक ठरतो. सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

वैद्यकीय परिषद डॉक्टरचा परवाना निलंबित करू शकते, पैसे देऊ शकत नाही. तिथला निष्कर्ष पुरावा म्हणून उपयोगी पडेल, पण त्याची वाट पाहत बसलात तर आयोगाची मुदत थांबत नाही. पोलीस तक्रारीला सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालापासून घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. रागाच्या भरात आधी तिकडे धावू नये.

मध्येच तडजोड आली तर

दिवाणी दाव्यात मुलाच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते, आणि रक्कमही परवानगीशिवाय पालकाच्या हाती येत नाही. काहींना ही कटकट वाटते. मला ती मुलाची ढाल वाटते. दावा लागण्याआधी रुग्णालयाच्या केबिनमध्ये 'पाच लाख घ्या, इथे सही करा' असं होतं तेव्हा ही ढाल नसते. सही करण्यापूर्वी वर्षागणिक हिशेबाचा तो कागद समोर ठेवा. आणि 'फी नको, मिळेल त्यातले वीस टक्के द्या' म्हणणारा वकील भेटला तर दुसरा शोधा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.