सेफ्टी व्हॉल्व्हचे थेंब दाखवून आमचीच टाकी आम्हाला विकली

नागपूर आणि विदर्भात मोटरहोम किंवा कॅम्पर व्हॅन वापरणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं अशी विनंती आहे. पैसे गेले त्याचा राग आहेच. पण ते ज्या पद्धतीने काढले, त्यात घरच्यांचा जीव जाऊ शकला असता, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आमची गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरची करून घेतलेली मोटरहोम. मागे लहानसं बाथरूम आणि सीटखाली दहा लिटरचा हीटर. 230 व्होल्टवर चालणारा, 1500 वॅटचा. रिसॉर्टच्या आवारात गाडी लावून लाइन जोडली की पाणी तापतं. आईला संधिवात आहे. हिवाळ्यात चिखलदऱ्याला गार पाण्याने अंघोळ तिला जमत नाही, म्हणून हा हीटर आमच्यासाठी चैनीची वस्तू नाही. थंडी सुरू होता होता दोन तक्रारी एकदम आल्या. पाणी कोमटच राहायचं आणि हीटर चालू असताना गाडीखालच्या नळीतून थेंब थेंब पाणी पडायचं.

अमरावती रोडला वाडीच्या बाजूला गाड्यांची बॉडीची, फिटिंगची बरीच कामं होतात. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. कारागिराने नळीखाली हात धरला आणि ओला तळवा आईसमोर केला. "काकू, टाकी फुटली ना तुमची. आतून गळून राहिली. हिला वेल्डिंगबी होत नाही आता." मीटर हातात घेतला नाही, झाकणाचा स्क्रूही काढला नाही. माल बाहेरचा, मुंबईहून मागवावा लागेल, 34,000 रुपये, अर्धे आधी. जीएसटीचं बिल मागितलं तर "मग 18 टक्के वरून लागतील भाऊ, कच्च्यावर करून टाकू" असं उत्तर. जुनी टाकी भंगारात घेतो म्हणून हजार रुपये कमी केले. तेव्हा तो मोठेपणा वाटला होता. खरा डाव तिथेच होता.

आता त्या थेंबांविषयी, कारण सगळी फसवणूक त्यावरच उभी आहे. पाणी तापलं की फुगतं. 20 अंशांचं पाणी 70 अंशांपर्यंत नेलं तर त्याचं आकारमान साधारण दोन टक्के वाढतं, म्हणजे दहा लिटरला जवळजवळ 200 मिलिलिटर. घरी गीझरला पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल आणि मध्ये एकमार्गी झडप नसेल, तर हे वाढलेलं पाणी पाइपातून मागे सरकतं. मोटरहोममध्ये पाणी 12 व्होल्टचा पंप ढकलतो आणि तो पाणी उलटं जाऊ देत नाही. नळ बंद असताना टाकीतला दाब वाढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह किंचित उघडतो आणि थोडं पाणी बाहेर सोडतो. हे त्याचं कामच आहे. हीटर बंद आणि थंड असतानाही पाणी गळत राहिलं तरच व्हॉल्व्ह, जोड किंवा टाकी तपासायची वेळ येते. आमचा हीटर थंड झाला की थेंब थांबायचे. हे आम्ही त्या कारागिराला सांगितलंही होतं. "हळूहळू वाढत जाते ते," एवढं बोलून त्याने विषय संपवला.

"नवा" हीटर बसला. चकचकीत पांढरं झाकण, त्यावर परदेशी नावाचा स्टिकर. थेंब पूर्ण बंद. पुढच्या मुक्कामी चिखलदऱ्याला नळ उघडल्याबरोबर वाफ आणि उकळतं पाणी फुसफुसत बाहेर आलं. टाकीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. वहिनींनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. त्यांचा हात थोडा भाजला, इतर कुणाला काही झालं नाही.

नागपूरला परत आल्यावर इतवारीत गीझरचं काम करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी झाकण उघडलं आणि आधी आम्हाला दूर उभं केलं. आतली टाकी आमचीच होती. गाडी बनवताना ब्रॅकेट लागून पडलेला पोचा तसाच होता, आणि मी पूर्वी मार्करने लिहिलेली तारीख खालच्या बाजूला पुसट दिसत होती. झाकण तेवढं रंगवलेलं. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरल्याइतकं तापलं की हीटर बंद करणारा स्विच, सुरूच्या सुरू चिकटलेला आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआऊट तारेचा तुकडा टाकून डायरेक्ट केलेला. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला पितळी डमी, म्हणजे बूच, मारलेली! थेंब थांबले होते ते यामुळे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. पाणी कितीही तापलं तरी वीज तुटणार नाही आणि वाढलेल्या दाबाला बाहेर पडायला वाट नाही. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा घेते. ती टाकी ज्या सीटखाली आहे, त्याच सीटवर आई झोपते. हे लिहितानाही हात थरथरतो.

मूळ बिघाड काय होता? बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कांडीवर, क्षाराचा जाड थर बसला होता आणि थर्मोस्टॅट कुरकुरत होता. मिस्त्रींनी एलिमेंट लिंबूसताच्या पाण्यात टाकून साफ केलं, थर्मोस्टॅट, कटआऊट आणि व्हॉल्व्ह नवे बसवले, मीटरवर एलिमेंट 35 ओहमच्या आसपास दाखवतं ते आमच्यासमोर तपासलं. सगळं मिळून 2,150 रुपये. मोठा भाग नव्या व्हॉल्व्हचा होता.

वर्कशॉपवाल्याने "आम्ही असं काही केलंच नाही" म्हणून हात वर केले. पण यूपीआयने दिलेले पैसे, कच्च्या चिठ्ठीवर त्याच्या हस्ताक्षरात लिहिलेलं "नवीन हीटर" आणि मिस्त्रींनी झाकण उघडतानाचा व्हिडिओ आमच्याकडे आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. त्यामुळे कुणाचं असं प्रकरण दबून राहिलं असेल तर अजून वेळ गेलेली नसेल.

काम टाकताना हीटरच्या नंबरप्लेटचा आणि टाकीच्या चारही बाजूंचा फोटो काढून ठेवा. जुना माल, भंगार का असेना, परत घ्या. हजार रुपयांसाठी पुरावा त्यांच्या हाती देऊ नका. टाकी गेली असं कुणी म्हणालं तर हीटर बंद आणि पूर्ण थंड करून, पंपाचा दाब तसाच ठेवून रात्रभर खाली कोरडा कागद पसरायला सांगा.

आणि गेल्या काही महिन्यांत ज्यांनी कुठेही हीटर "बदलून" घेतला असेल, त्यांनी आजच गाडीखाली वाकून सेफ्टी व्हॉल्व्हची नळी शोधा. नळीचं तोंड मोकळं दिसलं तरी ती व्हॉल्व्हपर्यंत हाताने चाचपा. मध्ये कुठे डमी लागली, किंवा नळीच सापडली नाही, तर तो हीटर चालू करू नका.