पळायला पहाट बरी की संध्याकाळ?

नव्याने पळायला लागलेला प्रत्येक जण हे विचारतो. माझं मत असं की वर्षभर एकच वेळ धरून बसू नये.

उन्हाळ्यात मात्र वादच नको, पहाट. दिवसातला सर्वांत कमी पारा सूर्योदयाच्या आसपास असतो. मे महिन्यात पुण्यात सहाच्या सुमारास उजाडतं. सव्वापाचला निघालात तर ऊन चढायच्या आत सगळं उरकतं. संध्याकाळी सातला ऊन गेलेलं असतं, पण तापलेला डांबरी रस्ता धग सोडतच असतो, पोटऱ्यांना ती चांगली जाणवते. शिवाय वळीव गाठतो तो बहुधा दुपारनंतरच. विजा कडाडू लागल्या तर टेकडीवर किंवा झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत शिरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडायचं नाही.

गाव कुठलं, यानेही फरक पडतो. नागपुरात मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पण हवा कोरडी. घाम दिसायच्या आत उडून जातो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. मुंबईत पारा ३३-३४ च्या घरात, पण घाम सुकत नाही, नुसता निथळतो. आणि अंग थंड होतं ते घाम सुकतानाच. त्यात पहाटे आर्द्रता सर्वांत जास्त, म्हणून पहाटेचा फायदा मुंबईकराला पुणेकराइतका मिळत नाही. तिथे घड्याळातला वेग विसरा, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच दमाने पळा. उकाड्याची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात, तेवढे त्याला द्या. गरगरलं, मळमळलं, अंगावर काटा आला तर तिथेच थांबून सावली गाठा. कुणी असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजून १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याच्या अंगावर पाणी ओतत राहा.

पावसाळ्यात वेळेपेक्षा उजेड महत्त्वाचा. पर्वतीच्या ओल्या पायऱ्यांवर पाय सटकतो तो चढताना नव्हे, उतरताना. म्हणून उतरताना पळू नका. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती असते.

हिवाळ्यात मात्र मी संध्याकाळच्या बाजूने आहे. गुलाबी थंडीतली पहाट कितीही हवीहवीशी वाटली, तरी रात्री गार झालेल्या जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि गाड्यांचा, शेकोट्यांचा धूर त्यातच अडकून राहतो. ऊन वर आल्यावर तो थर मोडतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतं, तेव्हा साडेचार ते सहा ही वेळ उत्तम. दमा असणाऱ्यांनी तर पहाट टाळावीच. नोकरीमुळे सकाळचीच सवड असेल, तर हमरस्ता सोडून मैदानात पळा आणि सुट्टीच्या दिवशी आठनंतर निघा.