स्लीव्हनंतरचं पोट, मालवणी ताट आणि तो आहाराचा कागद

परवा हॉस्पिटलमधून फोन आला, आहार-सल्ल्याच्या पॅकेजचे पुढच्या वर्षाचे पैसे भरा म्हणून. मी विचारलं, आता मासेमारी बंद, दोन महिने प्रोटीन कशातून घेऊ? उत्तर आलं, पनीर, टोफू, ग्रीक योगर्ट. वजन कमी करण्याच्या स्लीव्ह ऑपरेशननंतर हातात दिलेल्या कागदावर हेच होतं. मालवणात टोफू कुठे मिळतो ते त्यांनीच सांगावं. राग आला, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

स्लीव्हमध्ये जठराचा तीनचतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, हे इथे वाचणाऱ्यांना माहीत असणारच. दिवाळीआधी माझं झालं. वजन उतरलं, गुडघे सुटले, डॉक्टरांनी शुगरची गोळी थांबवली. त्याबद्दल तक्रार नाही. मला बोलायचं आहे ते पोट भरण्याबद्दल.

पूर्वी पोट भरलं की पोटात कळायचं. आता छातीच्या हाडाखाली दाब येतो, आणि त्याच्याही आधी नाक गळायला लागतं. मग एक उचकी. तिथे ताट सरकवायचं. त्यापुढे एक घास गेला की तोंडात लाळ सुटते आणि तो घास फेसासकट वर येतो. कागदावर फक्त 'पोट भरल्यावर थांबा' असं छापलंय. भरलं हे ओळखायचं कसं, त्यावर एक ओळ नाही. पाहुण्यांकडे मावशी म्हणते, "एवढ्यान काय होतला गो तुझा?" आणि मी नाक पुसत बसलेली असते. एवढे पैसे घेणाऱ्यांनी ही खूण आधी सांगायला हवी होती.

भाताचंही तसंच. 'मऊ भात चालेल' म्हणे. मऊ भाताचा आत गोळा होतो आणि दोन घासांत अडकतो. उकड्या तांदळाची पातळ पेज मात्र पहिल्यापासून उतरली. चिकनचा कोरडा तुकडा अजून नको वाटतो. कालवणातला ओला बोंबील सगळ्यात सोपा, जिभेवरच विरघळतो. बांगडाही चालतो, पण काटा काढून, सावकाश चावून.

आता सोलकढी. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, म्हणजे ताटातली सोलकढी गेली. लिहायला घेतलं तेव्हा हीच माझी सगळ्यात मोठी तक्रार होती. पण विचार करताना शिमग्यातलं एक जेवण आठवलं. कुळथाची पिठी अगदी पातळ होती, भात त्यात पोहत होता. एकदाही नाक गळलं नाही, उचकी नाही, आणि तासाभरात कडकडून भूक. घास पातळ झाला की लवकर खाली सरकतो आणि भरल्याची खूण येतच नाही. तेव्हा तो नियम बरोबर आहे, ती तक्रार मी मागे घेते. सोलकढी आता चार वाजता, अर्धी वाटी, नुसती पिते. आमसुलाचा आंबटपणा आणि लसूण इतके स्वच्छ कळतात की ताटात घ्यायची मला आता हौसच उरली नाही.

भूक परत आली ती साधारण शिमग्याच्या सुमारासच. भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात बनतं आणि तोच भाग काढलेला, त्यामुळे सुरुवातीला घड्याळ बघून जेवत होते. भूक लागली तेव्हा घाबरले. सर्जन म्हणाले, असं होतं, खाण्याचं माप तेवढं ठेवा.

उरला प्रश्न प्रोटीनचा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद, ताजी मासळी कमी आणि महाग. मला दिवसाला 60 ग्रॅम सांगितलंय. अंड्यात 6. कुळथाच्या पिठात शंभराला सुमारे 22, पण वाटीभर पिठीत दोन चमचेच पीठ पडतं, म्हणजे चार-पाच ग्रॅम. म्हणून पावडरचा डबा घ्यावा लागतो आणि तो खिशाला जड जातो. डबा पुरवून वापरावा म्हणून सुका जवळा दोनदा धुऊन, भाजून, अंड्यात घालते. छान उतरतो.

पॅकेजचे पैसे भरले नाहीत. बी-12, लोह आणि डी-3 च्या तपासण्या कुडाळला करून घेते आणि रिपोर्ट थेट सर्जनना दाखवते. त्या कागदाच्या मागच्या बाजूला नाक, उचकी, पेज, बोंबील, जवळा एवढं लिहून ठेवलंय. आमच्या बाजूच्या कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर मागा, फोटो पाठवते.